खूर, काळीज आणि तिसऱ्या दिवसाचं सरपटेल

रविवारी सकाळी वसईत किंवा मडगावला डुकराच्या मांसाच्या दुकानासमोर दोन प्रकारची गिऱ्हाइकं दिसतात. तरुण जोडपं येतं, ‘बोनलेस एक किलो’ सांगतं आणि पाच मिनिटांत निघून जातं. त्यांच्या मागे उभी असलेली आजी मात्र चौकशीच जास्त करते. काळीज आजचंच आहे ना? खूर राहिलेत का? जीभ ठेवलीय का? तिचं बिल त्या जोडप्यापेक्षा कमी होतं, आणि सणाला सगळं घर जमतं ते तिच्याच हातचं खायला.

अशा गिऱ्हाइकांची जागा आता बोनलेस मागणारे घेत आहेत. ज्या घरांत डुकराचं मांस वर्ज्य आहे त्यांचा हा प्रश्न नाही. पण जिथे ते पिढ्यान्‌पिढ्या शिजतं, तिथे खूर, डोकं, काळीज, जीभ आणि कातडीसकट चरबी पुन्हा चुलीवर यायला हवी. काटकसर हे त्याचं एक कारण. मोठं कारण असं की या घरांचे सर्वांत नावाजलेले पदार्थ याच भागांतून घडले आहेत.

सरपटेलच घ्या. पोर्तुगालच्या आलेंतेजू प्रांतातल्या ‘सारापातेल’चा हा इथला अवतार. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, पोर्तुगीज गेले, पण पदार्थ राहिला. गोव्यात तो तांदळाच्या वाफवलेल्या सान्नांबरोबर खातात, तर वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत मैद्याच्या तळलेल्या फुग्यांबरोबर. लग्न असो वा नाताळ, त्याच्याशिवाय जेवण पुरं होत नाही. त्यातला मुख्य ऐवज म्हणजे काळीज, हृदय, जीभ आणि चरबीचं मांस. जुन्या रीतीत रक्तही. आज ज्याला ‘उरलंसुरलं’ म्हणून बाजूला सारलं जातं, त्याच्यावरच सणाचा मानाचा पदार्थ उभा आहे.

त्याची कृती अवघड नाही, निगुतीची आहे. मांसाचे मोठे तुकडे थोड्या पाण्यात मीठ घालून उकडायचे. काळीज वेगळं आणि कमी वेळ, नाहीतर ते चिवट होतं. सगळं पूर्ण गार झालं की हरभऱ्याच्या दाण्याएवढं चिरायचं. हे चिरणं हाच खरा कष्टाचा भाग, म्हणून पूर्वी घरातल्या बायका पाट मांडून एकत्र बसत. मग चरबीचे तुकडे आधी कढईत टाकायचे. त्यांना सुटलेल्या तुपावरच बाकीचं परतायचं, वेगळं तेल लागत नाही. काश्मिरी मिरची, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, आलं-लसूण व्हिनेगरमध्ये वाटून घालायचं आणि मांस उकडलेलं पाणी ओतून मंद आचेवर ठेवायचं. माडाच्या सुरेचं व्हिनेगर मिळालं तर उत्तमच. पहिल्या दिवशी आंबट आणि तिखट वेगवेगळे लागतात. तिसऱ्या दिवशी ते एकजीव झालेले असतात. फ्रिज नव्हता तेव्हा पदार्थ टिकायचा तो याच व्हिनेगरच्या आणि रोजच्या उकळीच्या जोरावर.

खुरांचं गणित आणखी सोपं आहे. त्यांत मांस थोडं. कातडी, स्नायुबंध आणि कूर्चा जास्त. त्यातलं कोलॅजन दोन-तीन तास मंद आचेवर विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. म्हणूनच त्या रश्शाने बोटं चिकटतात. बोनलेस मांस कितीही शिजवलं तरी ही दाटी येत नाही. कुकरने वेळ वाचतो, चव तीच राहते.

स्वच्छतेची भीती मात्र खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. अर्धवट शिजलेल्या मांसातून पोटात फीतकृमी जाऊ शकतो. या कृमीच्या अळ्या मेंदूत पोचल्या तर फेफऱ्याचे झटके येतात. पण त्या पोचतात माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, भाजीवर, हातांवर आलेल्या अंड्यांमधून. म्हणून दुकानदाराला डुकरं कुठल्या फार्मची हे विचारावं, हात आणि सुरी धुवावी, आणि मांस पुरतं शिजवावं. तासन्‌तास उकळणाऱ्या खुरांच्या रश्शात कच्चं राहायला जागाच नसते. युरिक अ‍ॅसिड वाढलेल्यांनी काळजापासून दूर राहावं आणि गरोदर बायकांनी ते टाळावं, इतकं पथ्य पुरे.

स्वस्त भागांना चिकटलेली लाज हा दुसरा अडथळा. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांची खाद्यसंस्कृती मांडली, तेव्हा अनेक वाचकांना पहिल्यांदा कळलं की एक मोठं, कसबी स्वयंपाकघर आपल्या पाकपुस्तकांच्या बाहेरच राहिलं होतं. लंडनला फर्गस हेंडरसन यांनी १९९४ साली ‘सेंट जॉन’ हे उपाहारगृह काढलं आणि डुकराचं डोकं, शेपटी, खूर मानाने ताटात वाढले. जगभरचे खवय्ये तिथे जातात. वसईच्या आजीला हे ज्ञान कुणाकडून उसनं घ्यायची गरज नाही.

गरज आहे ती तिच्याकडून ते शिकून घ्यायची. येत्या रविवारी दुकानदाराला चार खूर ठेवायला सांगा. केस नीट जाळून, खरवडून, मधोमध चिरून मागा. आणि घरात आजी असेल तर वाटणाच्या मिरच्या तिच्यासमोर बसून मोजा, वहीत लिहून ठेवा. मसाल्याचं तिचं प्रमाण बहुतेक घरांत कुठेच लिहिलेलं नाही.