कार्ड गेलं की दुसरंच काही? फ्लाइट सिम्युलेटर अडखळतोय म्हणून ग्राफिक्स कार्ड बदलण्याआधी

गेल्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. "दादा, कार्ड गेलं बहुतेक. दुकानवाले म्हणतात, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, नवीनच घ्या. चाळीस हजारांच्या आसपास जाईल."

तो पायलट लायसन्सच्या परीक्षांची तयारी करतोय आणि घरी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ वर सराव करतो. घरच्या पीसीवरचे हे तास डीजीसीए मोजत नाही, पण चेकलिस्ट आणि लँडिंगची पद्धत हाताला बसते, हे खरं. तक्रार अशी होती: मुंबईच्या रनवे २७ वर उतरायला निघालं आणि घाटकोपरच्या आसपास पोचलं की चित्र अडखळायला लागतं. शिवाय आठवड्यातून दोन-तीनदा, बहुतेक दुपारी, अख्खा पीसी फटकन बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

दोन वर्षांपूर्वी मीसुद्धा म्हणालो असतो की जुनं कार्ड आहे, बदलून टाक. आज तसं म्हणायला जीभ रेटत नाही, आणि त्याला कारण बाजार आहे.

एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते. जगातली बहुतेक मेमरी बनवणाऱ्या सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांनी आपलं उत्पादन तिकडे वळवलंय. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने तर 'क्रुशल' हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. डीडीआर५ रॅमचे किरकोळ भाव २०२५ च्या शेवटच्या काही महिन्यांत दुपटीच्या पुढे गेले. ग्राफिक्स कार्डवरची जीडीडीआर मेमरी याच कंपन्या बनवतात, आणि तुमच्या फोनमधली एलपीडीडीआरसुद्धा. म्हणजे नवीन फोन घेताना जो चटका बसतोय, त्याचंच हे भावंड. अशा काळात चुकीचं निदान करून चाळीस हजार घालवणं परवडणारं नाही. विशेषतः ज्याच्या घरी पायलट ट्रेनिंगच्या फीचा हिशेब आधीच लांबलेला आहे, त्याला तर नाहीच.

म्हणून मी त्याला पहिली गोष्ट सांगितली: "स्क्रीनवर जे दिसतं ते ग्राफिक्स कार्डमधून येतं, म्हणून प्रत्येक बिघाड कार्डाचाच वाटतो. थांब जरा."

एररमध्ये नाव एकाचं, दोष दुसऱ्याचा

हे मी हवेत बोलत नव्हतो. गेल्या दोन-अडीच वर्षांतली उदाहरणं बघा.

सगळ्यात भारी किस्सा इंटेलचा. १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या प्रोसेसरवर बरेच गेम 'व्हिडिओ मेमरी संपली' असा एरर देऊन बंद पडत होते. लोकांनी काय केलं असेल? कार्डं बदलली, ड्रायव्हर बदलले, एनव्हिडियाला शिव्या घातल्या. प्रत्यक्षात कार्डावर भरपूर मेमरी रिकामी होती, प्रोसेसरच चुकीची गणितं करत होता. गेमचा डेटा उलगडताना प्रोसेसर चुकायचा आणि बिल ग्राफिक्सच्या नावावर फाटायचं. इंटेलने २०२४ मध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज हे कारण मान्य केलं, ऑगस्टपासून मायक्रोकोडचे अपडेट दिले आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. पण ज्या चिपचं नुकसान आधीच झालंय, ती अपडेटने बरी होत नाही. तुमच्याकडे या पिढीचा वरच्या दर्जाचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल, तर बायॉस अपडेट केलाय का हे आज संध्याकाळीच बघा.

दुसरं उदाहरण ड्रायव्हरचं. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाची आरटीएक्स ५० मालिका आली, आणि सोबत आलेल्या ड्रायव्हरनंतर स्क्रीन काळी पडण्याच्या तक्रारींची रांग लागली. जुन्या ३० आणि ४० मालिकेची कार्डं वापरणारेही त्यात होते. एकामागून एक हॉटफिक्स आले. एप्रिलमधल्या ५७६.०२ या आवृत्तीत दुरुस्त्यांची यादी इतकी लांब होती की वाचताना हसू यावं. मग ऑक्टोबर २०२५ चा विंडोज ११ चा अपडेट आला, त्यानंतर काही गेम हळू चालायला लागले, आणि नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाला त्यासाठी ५८१.९४ हा हॉटफिक्स काढावा लागला. कार्ड तेच, तुम्ही एका सेटिंगला हात लावलेला नाही, तरी एका मंगळवारी एफपीएस खाली.

आणि खुद्द सिम्युलेटर? १९ नोव्हेंबर २०२४ ला तो आला तेव्हा सर्व्हर इतके कोलमडले की अनेकांचं लोडिंग ९७ टक्क्यांवर अडकून बसलं. हा सिम जगाचा नकाशा आणि विमानांचा बराच डेटा इंटरनेटवरून खेचतो. कंपनी त्यासाठी किमान १० आणि शक्यतो ५० एमबीपीएस वेग सांगते. इमारती वितळल्यासारख्या, जमीन धुरकट दिसत असेल, तर आधी वायफायकडे बघा. यूट्यूबचा व्हिडिओ १४४पी वर उतरला म्हणून कोणी फोनचा डिस्प्ले बदलत नाही.

मग बघायचं कुठे

मावसभावाच्या पीसीत रायझन ५ ५६००, १६ जीबी रॅम, बी४५० बोर्ड आणि ८ जीबीचं आरटीएक्स ३०६० टीआय. मी रिमोटने जोडलो. आधी एक नियम केला: अडखळणं आणि पीसी बंद पडणं, ही दोन वेगळी दुखणी समजायची. दुकानात दोन्ही एकाच पिशवीत टाकून 'कार्ड गेलं' असा शिक्का मारला होता.

अडखळण्यापासून सुरुवात. सिमच्या सेटिंगमध्ये डेव्हलपर मोड सुरू केला की वरच्या मेनूतून एफपीएसचा छोटा तक्ता उघडता येतो. त्यात सिम स्वतःच सांगतो की आत्ता कोण मागे पडलंय. 'लिमिटेड बाय जीपीयू' आलं तर कार्ड दमलंय. 'लिमिटेड बाय मेनथ्रेड' आलं तर कार्ड रिकामं बसून प्रोसेसरची वाट बघतंय. फ्लाइट सिममध्ये हे दुसरं फार होतं. विमानाचं उड्डाणगणित, कॉकपिटमधले स्क्रीन, आजूबाजूची ट्रॅफिक, यातलं पुष्कळसं काम प्रोसेसरच्या एकाच धाग्यावर चालतं. अशा वेळी लाखाचं कार्ड लावलं तरी आकडा फारसा हलणार नाही. तिथे टेरेनचं लेव्हल ऑफ डिटेल आणि ट्रॅफिक कमी करायची. कार्ड दमलं असेल तर ढग आणि रेंडर स्केलिंग.

ढगांवरून उडताना त्याच्याकडे 'जीपीयू' दिसत होतं, ते ठीकच आहे. मुंबई जवळ आली तसं मधूनमधून 'मेनथ्रेड' दिसायला लागलं, पण धक्के त्याहून मोठे होते. म्हणून टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये जीपीयू. तिथे दोन आकडे असतात, डेडिकेटेड मेमरी आणि शेअर्ड मेमरी. डेडिकेटेड ८ पैकी ७.७ वर ठाम, आणि शेअर्ड वाढत वाढत ३ जीबीच्या पुढे.

हेच खरं दुखणं. कार्डाची स्वतःची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, भरली की उरलेला माल पीसीच्या रॅममध्ये ठेवला जातो आणि लागेल तेव्हा पीसीआयई स्लॉटमधून आणला जातो. या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने डेटा देते. बी४५० बोर्डाचा स्लॉट पीसीआयई ३.० चा, तो सेकंदाला साधारण १६ जीबी देतो. एक्स्प्रेसवेवरून थेट गल्लीत शिरल्यासारखं. वर घरात रॅम १६ जीबीच, जी सिमच्या शिफारशीपेक्षा निम्मी आहे.

टेक्श्चर अल्ट्रावरून मीडियमवर आणले, टेरेनचा आकडा २०० वरून १०० केला, दुसऱ्या मॉनिटरवर चालणारा यूट्यूब आणि ब्राउझर बंद केला (ब्राउझरही व्हीरॅम खातो, हे कोणाच्या लक्षात येत नाही). डेडिकेटेड साडेसहावर आलं. घाटकोपरवरून विमान सरळ गेलं. कॉकपिटमधली बारीक अक्षरं थोडी मऊ दिसतात, पण रनवे दिसतो.

आता दुकानवाल्यांनी सुचवलेलं कार्ड कोणतं होतं ते ऐका: आरटीएक्स ५०६० टीआय, ८ जीबीचं. एप्रिल २०२५ मध्ये एनव्हिडियाने एकाच नावाची दोन कार्डं आणली, ८ जीबी आणि १६ जीबी. अमेरिकेत दोघांच्या जाहीर किमतीत फरक फक्त ५० डॉलरचा, ३७९ आणि ४२९. मेमरी मात्र निम्मी. शिवाय हे कार्ड स्लॉटच्या १६ ऐवजी ८ लेनच वापरतं. नव्या बोर्डावर ते चालून जातं, पण बी४५० सारख्या पीसीआयई ३.० च्या बोर्डावर त्याची गल्ली आणखी अरुंद होऊन सेकंदाला ८ जीबीच्या आसपास येते. म्हणजे चाळीस हजार देऊन, त्याच अल्ट्रा सेटिंगला, व्हीरॅम भरल्यावरचे धक्के कदाचित वाढलेच असते. दुकानदाराने फसवलं असं मी म्हणत नाही. त्याने फक्त विचारलं नाही की त्रास नेमका कधी होतो. पण नाव एकच ठेवून निम्म्या मेमरीचा माल विकणं मला मुळात पटत नाही, आणि मेमरी महाग असेपर्यंत ८ जीबीची कार्डं दुकानातून जाणार नाहीत असं माझं मत आहे.

दुपारी बंद पडणारा पीसी

दुसरं दुखणं सोपं निघालं, पण तिथे पोचायला वेळ लागला. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बघितलं. ग्राफिक्सचं काम २ सेकंदांत उत्तर देत नसेल तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं आणि बहुतेक वेळा ४१०१ क्रमांकाची नोंद टाकतं. अशा नोंदी आणि काळी स्क्रीन दिसली तर ड्रायव्हर, ओव्हरक्लॉक आणि कार्ड, या क्रमाने संशय घ्यायचा. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या टूलने जुना ड्रायव्हर मुळापासून काढायचा, नवा टाकायचा. सगळ्यात ताजाच हवा असं नाही, जो स्थिर आहे तो. त्याच्याकडे ४१०१ एकही नव्हती. होती फक्त कर्नल-पॉवर ४१, जिचा अर्थ एवढाच की पीसी नीट बंद न होता गेला. थोडक्यात, वीज तुटली.

"बंद पडायच्या आधी काही ऐकू येतं का?"

"यूपीएस टक करतो."

आता हिशेब करा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट झेलतो. कार्ड २०० वॅटचं, प्रोसेसर ७६ पर्यंत, त्यावर बोर्ड, पंखे, दोन मॉनिटर, आणि कार्डाचे क्षणिक झटके वेगळे. मेन्सवर सगळं सुरळीत. दुपारी व्होल्टेज पडलं की यूपीएस टक करून बॅटरीवर जातो, आणि त्याच क्षणी सिम जोरात असेल तर हा भार त्याला पेलत नाही. दोन दिवस पीसी थेट चांगल्या अर्थिंगच्या सॉकेटला लावून बघितला, फक्त चाचणीपुरतं. दुपारी दिवा मंद झाला, पीसी तसाच चालू. मग ११०० व्हीएचा यूपीएस घेतला. पाच-सहा हजारांचं काम.

असंच होईल असं नाही, कार्डं खरोखर जातातही. बायॉसच्या किंवा बूटच्या स्क्रीनवरच रंगीत ठिपके, चौकटी दिसत असतील. फक्त सिम नाही तर प्रत्येक गेम कोसळत असेल. तेच कार्ड मित्राच्या पीसीत लावल्यावर तिथेही तसंच होत असेल, तर मग ते कार्डच. तेव्हा वॉरंटीचं बिल शोधा आणि स्वतः स्क्रू उघडण्याआधी अटी वाचा. तापमान तर आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बघायलाच हवं. ८३-८४ अंशांच्या आसपास एनव्हिडियाची अनेक कार्डं स्वतःहून वेग कमी करतात, जसा बीजीएमआय खेळताना फोन गरम झाला की करतो. कॅबिनेटमधली धूळ काढायला खर्च शून्य.

मावसभावाला १६ वरून ३२ जीबी रॅम करायची आहे. त्याचा बोर्ड जुन्या डीडीआर४ चा, पण तिचेही भाव चढलेत. मी त्याला म्हटलं, थांब. तोवर उडताना ब्राउझर बंद ठेवायचा, चार्ट फोनवर उघडायचे.