तालमीचा हक्क

नाट्यशिक्षणसंस्थांच्या प्रवेशपरीक्षांचे दिवस जवळ आले, की बागलाणसारख्या तालुक्यातूनही काही तरुण मुलेमुली अर्जांची जुळवाजुळव करू लागतात. दाखले, शिफारसपत्रे, छायाचित्रे आणि पाठ केलेली दोन-तीन स्वगते एवढी शिदोरी घेऊन ती पुण्याला, मुंबईला, क्वचित दिल्लीलाही जातात, आणि त्यांतील बहुतेक जण काही मिनिटांतच आपल्या भाग्याचा निवाडा ऐकून माघारी येतात. या मुलांच्या ठिकाणी गुण दिसला नाही, असे परीक्षकांना वाटले असेल तर त्यांना मी दोष देणार नाही, कारण जे समोर आले त्यावरच त्यांना निकाल द्यावा लागतो. माझे म्हणणे त्याच्या अलीकडचे आहे. ज्याला आयुष्यात एकही पुरती तालीम लाभलेली नाही, त्याची परीक्षा मात्र पुरी घ्यावयाची, हा अन्याय आहे. आणि तो दूर करण्याची जबाबदारी परीक्षकांपेक्षा शासनाची आणि आपल्या समाजाची अधिक आहे.

मोसम नदीच्या काठचे नामपूर हे बागलाणातील बाजाराचे गाव. येथील बाजार समितीच्या आवारात कांद्याचे लिलाव होतात, आसमंतात डाळिंबाच्या बागा आहेत, घरोघर अहिराणी कानांवर येते, आणि नियमित प्रयोग होणारे नाट्यगृह पाहावयाचे तर नाशिकपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटरची वाट धरावी लागते. तथापि या मुलखाला नाट्य परके आहे, असे कोणी समजू नये. याच खोऱ्याच्या वरच्या अंगाला मुल्हेर येथे, उद्धव महाराजांच्या समाधिस्थानी, कोजागरीच्या रात्री रासक्रीडेचा उत्सव होतो आणि पदे गाणाऱ्यांचा स्वर रात्रभर थांबत नाही; पश्चिमेच्या डोंगरपट्टीतील आदिवासी गावांत बोहाडा उभा राहतो, आणि देवादिकांचे मुखवटे चढविलेली सोंगे संबळाच्या ठेक्यावर नाचतात. तेथे पोरसवदा मुलाला कोणी चाचणीस उभे करीत नाही. तो वडीलधाऱ्यांच्या मागे वर्षानुवर्षे उभा राहतो, त्यांचे पाऊल कोठे पडते ते पाहतो, आणि एके वर्षी सोंगाचा मान त्याच्याकडे येतो तेव्हा त्याची तयारी कधीच झालेली असते. शिक्षणाची ही पद्धत आपल्या हाताशी होती. नव्या रंगभूमीचा विचार करताना मात्र आपण निवड तेवढी उचलली आणि तालीम मागे ठेवली.

तालमीने काय घडते, हे नामपुरातच मला जवळून पाहावयास मिळाले. कांदा पिकविणाऱ्या घरातील एक महाविद्यालयीन विद्यार्थी नाट्यशिक्षणाच्या प्रवेशासाठी तयारी करीत होता, आणि हौशी रंगभूमीवर काम केलेले एक तरुण शिक्षक रात्रीच्या वेळी, शाळेच्या वर्गातली बाके भिंतीकडे सारून, त्याच्याकडून स्वगत बसवून घेत होते. खेड्यातली मुले बहुधा जे निवडतात तेच त्यानेही निवडले होते: नाशिककरांच्या अभिमानाचा विषय असलेल्या शिरवाडकरांच्या 'नटसम्राट' नाटकातील गणपतराव बेलवलकर. 1970 साली डॉ. श्रीराम लागू यांनी उभा केलेला तो वृद्ध नट आजही गावोगावच्या मुलांच्या मुखी असतो, कारण त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नाटक पुष्कळदा तेवढेच असते.

पहिल्या रात्री त्याने ते स्वगत आरंभापासून अखेरपर्यंत एका दमात म्हणून दाखविले. दोन्ही हात छातीच्या वर उचललेले, नजर छताला लागलेली, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज चढलेला. ऐकलेल्या ध्वनिफितीतील हेल जसेच्या तसे उतरले होते, परंतु त्या हेलांखाली माणूस नव्हता. शिक्षकांनी त्याला चूक सांगितली नाही. त्यांनी समोर एक स्टूल मांडले, त्यावर दुसऱ्या एका मुलाला बसविले आणि म्हणाले, "हा तुझा मुलगा आहे. होतं नव्हतं ते सगळं तू याच्या नावावर करून दिलंयस. आता तुला काय वाटतं ते याला सांग. पाठ केलेलं नको, आपल्या घरी बोलतो तसं सांग." तो बराच वेळ गप्प उभा राहिला. मग अडखळत अहिराणीत बोलू लागला, आणि बोलता बोलता त्याचे हात आपोआप खाली आले. त्याच्या आजोबांनी शेताची वाटणी करून दिल्यावर ओसरीवरची त्यांची खाट गोठ्याच्या अंगाला कशी गेली, हे त्याने लहानपणी पाहिले होते. ते सारे त्या बोलण्यात आले. पुढच्या रात्री तो मूळ संवादाकडे वळला तेव्हा शब्द नाटककाराचे होते, पण ते कोणाला तरी उद्देशून उच्चारले जात होते. त्यानंतरच्या रात्रींत श्वास कोठे घ्यावा, वळावे कोठे, आणि समोरचा बोलत नसतानाही त्याचे ऐकावे कसे, या गोष्टी एकेक करून बसत गेल्या.

निवडीच्या दिवशी तो सकाळपासून बाहेरच्या बाकावर, छातीवर क्रमांक लावून बसला होता. आत बोलावणे आले तेव्हा समोर टेबल, टेबलामागे परीक्षक, आणि ज्याच्याकडे पाहून बोलावे असे कोणीही नाही. स्वगताच्या मध्यावर त्याला थांबविण्यात आले. 'ळ'चा उच्चार सदोष आहे, असे सांगण्यात आले, आणि पुढचा क्रमांक पुकारला गेला. हे मला सांगताना त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तो एवढेच म्हणाला, "काका, अजून एकदा करू दिलं असतं, तर जमलं असतं." हे वाक्य मला फार मोलाचे वाटते. चूक कळल्यानंतर पुन्हा एकदा करून पाहण्याची मुभा म्हणजेच तालीम. आणि पुन्हा केल्यावर उमेदवार किती बदलतो, यावरूनच त्याच्या शिकण्याच्या शक्तीचा अंदाज येतो. विद्यार्थी निवडावयाचा असताना पाहावयाची ती शक्ती. आज केवढे येते हे पाहून सिद्धहस्त नट निवडता येईल, विद्यार्थी निवडता येणार नाही.

मराठी रंगभूमीचा इतिहास या बाबतीत निःसंदिग्ध साक्ष देतो. 1842 साली कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले. ते पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तशा धर्तीचे खेळ मराठीत बसविण्यास सांगितले, आणि 1843 च्या नोव्हेंबरात 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आले. म्हणजे ज्या प्रयोगापासून आपण आपली रंगभूमी मोजतो, तो राजाश्रयाखाली झालेल्या तयारीचे फळ होता. 1851 साली चिंतामणरावांचे देहावसान झाले आणि तो आधार सुटला, तेव्हा भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले. पुढे नाटकमंडळ्यांच्या काळात तालीममास्तर हा मंडळीचा प्राण मानला जाई. गोविंद बल्लाळ देवल यांना आपण 'शारदा'चे कर्ते म्हणून वंदन करतो. परंतु अक्षराअक्षराचा अर्थ नटाच्या मुखी बसवून घेणारे शिक्षक म्हणूनही त्यांच्या समकालीनांत त्यांचा दबदबा तेवढाच होता.

बालगंधर्वांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. 1905 साली नारायण राजहंस किर्लोस्कर मंडळीत आले, त्या आधी त्यांच्या कानाच्या दोषामुळे त्यांना घ्यावे की नाही, याविषयी साशंकता होती. शाहू छत्रपतींनी मिरजेच्या इस्पितळात त्यांच्यावर उपचार करविले आणि मार्ग मोकळा झाला. दोषाची नोंद करून पुढचा उमेदवार बोलावणे त्या वेळीही सोपे होते. गुणाची पारख असलेल्यांनी दोषावर इलाज शोधला, आणि महाराष्ट्राला एक युग लाभले.

आजची व्यवस्था पाहावी तर स्पर्धांना आणि पारितोषिकांना तोटा नाही. हौशी नाटकांची राज्य नाट्यस्पर्धा 1954 पासून चालत आली आहे; पुण्यात महाविद्यालयीन एकांकिकांसाठी 'पुरुषोत्तम करंडक' 1963 पासून दिला जातो. या उपक्रमांनी मराठी रंगभूमीला दिलेले नट, लेखक आणि दिग्दर्शक यांचे ऋण मोठे आहे. परंतु स्पर्धा ही तालमीच्या शेवटी येते, आणि ज्या गावी तालमीला जागा नाही, मास्तर नाही, त्या गावाला स्पर्धेचे दार नावापुरतेच उघडे असते. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम घ्या. तेथे पदवीधर उमेदवाराकडून किमान सहा नाट्यनिर्मितींतील सहभागाची अपेक्षा केली जाते. मोठ्या शहरातील महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला ही अट सहज पुरी करता येते. नामपूरच्या मुलीने या सहा निर्मिती आणावयाच्या कोठून? रोप टाकले नाही तर कांद्याची लागवड होत नाही, हे बागलाणातील लहान मूलही जाणते. तरुणांच्या बाबतीत मात्र आपण रोपाची तरतूद न करता पिकाचा हिशेब मागतो. त्याच विद्यालयाची एक गोष्ट मात्र अनुकरणीय आहे: प्राथमिक चाचणीतून निवडलेल्यांना तेथे काही दिवसांच्या कार्यशाळेत पारखले जाते. ही पद्धत महाराष्ट्रातील प्रत्येक नाट्यशिक्षणसंस्थेने, निदान अर्ध्या दिवसापुरती का होईना, स्वीकारावी.

यावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि दोन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला भाषेचा. नटाची वाणी शुद्ध असावी, तिला प्रमाण भाषेचे सर्व उच्चार साधावेत, हे मला सर्वस्वी मान्य आहे. किंबहुना अहिराणी मुलाने 'ळ' आणि 'ण' यांवर प्रभुत्व मिळविलेच पाहिजे, असा माझा आग्रह राहील. परंतु उच्चार हा शिकविण्याचा विषय आहे, आणि जे शिकविण्यासाठी संस्था स्थापन झाली त्याचाच अभाव हे प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ नये. बोलीचे सामर्थ्य तर रंगभूमीने केव्हाच सिद्ध केले आहे. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' 1980 साली आले, मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणीचा झेंडा सर्वत्र मिरविला, आणि त्या नाटकाचा विषय तरी काय, तर गावकऱ्यांनी बसविलेले नाटक! लक्ष्मण देशपांडे यांनी मराठवाड्याच्या बोलीत 'वऱ्हाड निघालंय लंडनला' एकट्याच्या बळावर उभे केले. ते स्वतः नाट्यशास्त्राचे प्राध्यापक होते. बोलीतून आलेला नट प्रमाण भाषा शिकला, म्हणजे त्याच्यापाशी दोन वाद्ये होतात.

दुसरा आक्षेप असा, की खरा गुण कोठेही वाट काढतो. निळू फुले पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते, त्यांना कोणत्या नाट्यशाळेने घडविले? उत्तर सरळ आहे: त्यांच्यामागे राष्ट्र सेवा दलाचे कलापथक होते. रोज संध्याकाळी एकत्र जमणारी, एकमेकांना ऐकणारी, चुका दाखविणारी आणि पुन्हा उभे करणारी मंडळी, हीच त्यांची शाळा होती. झाडीपट्टीत, वडसा-देसाईगंजच्या परिसरात, सुगीनंतर रात्र रात्र चालणारी नाटके अजून टिकली आहेत ती याच बळावर. एकट्याने वाट काढली, असे आपण ज्यांच्याविषयी म्हणतो, त्यांच्यापाठीही कोणाची तरी तालीम असतेच. तिचा उल्लेख करावयास आपण विसरतो.

म्हणून माझी मागणी मोजकी आणि व्यवहार्य आहे. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी आणि नामपूरसारख्या प्रत्येक बाजारगावी एक बंदिस्त जागा, मग ती शाळेचे सभागृह असो वा समाजमंदिर, सायंकाळनंतर तालमीसाठी खुली ठेवण्याचा हुकूम निघावा, आणि दिवाबत्तीचा खर्च स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अंदाजपत्रकात तरतूद म्हणून दाखविला जावा. आपल्या विद्यापीठांतून नाट्यशास्त्राचे पदवीधर दरवर्षी बाहेर पडतात आणि त्यांतील अनेकांना काम मिळत नाही. त्यांची वर्षातून काही महिन्यांसाठी मानधनावर तालीममास्तर म्हणून नेमणूक करावी. या केंद्रांत बसविलेल्या नाटकांची दप्तरी नोंद व्हावी आणि सहभागाचा दाखला मिळावा, म्हणजे अनुभवाची अट खेड्यातल्या मुलांनाही पुरी करता येईल. मुलींसाठी वेळ आणि येण्याजाण्याची सोय यांचा विचार आधी व्हावा, कारण रात्रीची तालीम म्हटली की पहिले 'नको' त्यांच्याच वाट्याला येते.

यासाठी लागणारा पैसा नवे नाट्यगृह बांधण्याच्या मानाने किरकोळ आहे. इमारती आहेत, माणसेही आहेत, त्यांना एकत्र आणणारी मंजुरी तेवढी हवी. या केंद्रांत येणाऱ्या सर्वांची निवड होणार नाही, सर्वच नट होणार नाहीत, आणि ते व्हावेत अशी अपेक्षाही नाही. परंतु दुसऱ्याचे दुःख आपल्या मुखाने बोलून पाहणे, समोरच्याचे पूर्ण ऐकल्याशिवाय उत्तर न देणे, आणि चुकल्यावर न लाजता पुन्हा आरंभ करणे, हे जे तालीम शिकविते ते शेतकरी, शिक्षक, कारकून, ग्रामपंचायतीचा सदस्य, कोणाच्याही उपयोगी पडते. निवड थोड्यांची व्हावी हे अपरिहार्य आहे. तालीम थोड्यांनाच मिळावी हे मुळीच अपरिहार्य नाही. नामपूरचा मुलगा आणि पुण्याचा मुलगा सारखी तालीम घेऊन ज्या दिवशी परीक्षकांसमोर उभे राहतील, त्या दिवसापासून निकाल कोणाच्याही बाजूने लागो, तो न्याय्य होता असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होईल.