आजीची गाठ घरात लपू देऊ नका

“आता या वयात कशाला चिरफाड? आहेत ते दिवस सुखाने जाऊ देत.” सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या स्तनात गाठ सापडली की रत्नागिरीतल्या घराघरांतून हे ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण या मायेपायी वाचू शकणाऱ्या आज्या आपण गमावतो आहोत, आणि हे थांबलं पाहिजे.

मुलं मुंबईला, घरी आजी एकटी. गाठ दुखत नाही, म्हणून ती गप्प राहते. मुलाला फोनवर सांगायचं कसं, सुनेला दाखवायचं कसं, हा संकोच. जखम वाहू लागेपर्यंत महिने उलटतात. तेव्हा ‘उशीर झाला’ हे खरं ठरतं, पण तो उशीर वयाने केलेला नसतो.

म्हातारपणातला स्तनाचा कर्करोग पुष्कळदा हार्मोनवर वाढणारा असतो. ऑपरेशननंतर लेट्रोझोल किंवा टॅमॉक्सिफेनची रोज एक गोळी त्याला वर्षानुवर्षं रोखून धरते. सत्तरीपुढच्या बायकांची गाठ लहान आणि याच प्रकारची असेल, तर गाठ काढून गोळी सुरू ठेवल्यावर रेडिएशन टाळलं तरी आयुष्य कमी होत नाही, असं अमेरिकेतल्या दहा वर्षांच्या पाहणीत दिसलं. प्रत्येकीला केमो लागतेच असं नाही. हृदय, मूत्रपिंड, अंगातली ताकद पाहून उपचार बेतता येतात. ऑपरेशन झेपणार नसेल, तरी अशा गाठीला गोळ्यांनी बराच काळ आवर घालता येतो. काही कर्करोग याहून हट्टी असतात, हेही खरं. पण आपल्या आजीचा कोणता, ते बायोप्सीशिवाय कुणी सांगू शकत नाही.

टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतल्या दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासले. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. मॅमोग्राफीचं यंत्र नव्हतं, होते फक्त शिकलेले हात. असे हात आपल्या तालुक्यांतही हवेत, आणि ते सत्तरीच्या बाईपर्यंत पोचायला हवेत.

खर्चाच्या धास्तीने थांबू नका. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पंचाहत्तरीनंतर एसटीचा प्रवास मोफत आहे.

आशाताईंनो, घरी जाल तेव्हा आजीलाही विचारा. बचतगटाच्या बायांनो, महिन्याच्या बैठकीत हा विषय काढा. चाकरमान्यांनो, गणपतीला गावी याल तेव्हा आईला, आजीला बहिणीकरवी किंवा बायकोकरवी विचारा: गाठ लागते का, बोंडी आत ओढली गेली आहे का, काखेत काही फुगलंय का? असेल, तर परत जाण्याआधी तिला डॉक्टरांकडे न्या. बायोप्सी करून घ्या, गाठ हार्मोनवर वाढणारी आहे का ते विचारा, आणि ‘वय झालं’ एवढ्याच उत्तरावर घरी परतू नका.