शिर्डीचा पिनकोड भागून बघा

शिर्डीचा पिनकोड ४२३१०९. आधार कार्डावर, दुकानाच्या पावतीवर, कुरिअरच्या पाकिटावर तो रोज दिसतो. पण संख्या म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. या सुट्टीत पोरांना घेऊन बसा आणि तो भागून बघा.

शेवटी ९ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज १९, म्हणून ३ बाद. ७ ने भागलं तर बाकी १. ११ साठी एकाआड एक अंक मिळवा: ४+३+०=७ आणि २+१+९=१२. फरक ५ आला, म्हणजे ११ नेही भाग जात नाही. असं कुठवर चालायचं? ६५१ चा वर्ग ४,२३,८०१, तो पिनकोडच्या पुढे जातो. म्हणून ६५० च्या आतल्या ११८ मूळ संख्यांनी भागून पाहिलं की झालं. सबुरी ठेवलीत तर कळेल, एकीनेही निःशेष भाग जात नाही. शिर्डीचा पिनकोड ही मूळ संख्या आहे.

४ ने भागून बाकी १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून मांडता येते, तीही एकाच जोडीने. इथली जोडी ४२२ आणि ४९५. करून बघा: १,७८,०८४ + २,४५,०२५. यातला ४९५ खास आहे. देवळालीच्या शाळेतले शिक्षक द. रा. कापरेकर यांनी चार अंकी संख्यांसाठी ६१७४ शोधला. तीच रीत तीन अंकांना लावा. ४२३ घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी करत राहा: १९८, ७९२, ६९३, ५९४, ४९५. पुढे ४९५ च येत राहतो.

हे वाचून लगेच हात जोडू नका. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तो पत्रांची वाटणी सोपी व्हावी म्हणून. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृत कवी होते, पण कुठल्या गावाला मूळ संख्या द्यायची हे कुणी ठरवलं नव्हतं. हा निव्वळ योगायोग.

गाडीच्या नंबरची बेरीज अमुकच यावी म्हणून जादा पैसे मोजणाऱ्यांनी एवढं जरूर पाहावं. ४२३१०९ ची बेरीज करत गेलात की शेवटी १ येतो, ४२३१०० चीही १ च येते. पण एकीला १०० नेसुद्धा भाग जातो, दुसरीला स्वतःशिवाय आणि १ शिवाय कशानेच नाही. बेरजेतून फक्त ९ ने भागल्यावरची बाकी कळते. तुमचं नशीब नाही.

श्रद्धा बाबांवर ठेवा. आकडा मात्र कुणी शुभ म्हणो वा अशुभ, आधी वही-पेन्सिल घ्या आणि पडताळून पाहा. पैसे त्यानंतर मोजायचे की नाही ते ठरवा.