भांडवल परदेशी, जमीन गिरणगावची

परदेशी गुंतवणूक यावी की न यावी, हा वाद आता जवळपास संपला आहे. ती आपल्याकडे ओढण्यासाठी राज्याराज्यांत चढाओढ आहे. मात्र आलेले भांडवल नेमके कशात गुंतते आणि कोणत्या अटींवर, याची चर्चा अभावानेच होते. सप्टेंबर २०२३मध्ये बॉम्बे डाइंगने वरळीतील सुमारे २२ एकर जमीन जपानच्या सुमितोमो समूहातील कंपनीला सुमारे ५,२०० कोटी रुपयांना विकण्याचा निर्णय जाहीर केला. तेव्हाही चर्चा रंगली ती रकमेचीच. १८७९मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीच्या गिरणीत एकेकाळी कापड विणले जाई. आज त्या जागेचा भाव टोकियोतील गुंतवणूकदार ठरवतो. गिरणगावाच्या अर्थव्यवहाराचा सारा प्रवास या एका व्यवहारात सामावलेला आहे.

अर्थशास्त्रात ‘लहान खुली अर्थव्यवस्था’ अशी एक संकल्पना आहे. जगाशी मुक्तपणे व्यवहार करणारी, पण जगाच्या किमती वा व्याजदर हलवण्याची ताकद नसलेली अर्थव्यवस्था, असा तिचा अर्थ. भारतासारख्या देशाला आज हे वर्णन लागू पडणार नाही. परळ, लालबाग, दादर या पट्ट्याला मात्र ते चपखल बसते. अशा अर्थव्यवस्थेच्या हाती भांडवलाचा भाव नसतो. तिच्या हाती असते ती आपली जमीन आणि त्या जमिनीच्या वापराचे नियम.

गिरणगाव पूर्वीही खुलेच होते. कावसजी दावर यांनी १८५४मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने ताडदेवला कापडगिरणी उभारली, तेव्हा यंत्रे इंग्लंडची होती. पण भांडवल बहुतांशी मुंबईच्या व्यापाऱ्यांचे होते. अमेरिकी यादवीच्या काळात (१८६१-६५) कापसाला सोन्याचा भाव आला आणि युद्ध संपताच मुंबईचा शेअरबाजार कोसळला. दूरच्या घटनांचे असे तडाखे बसूनही गिरण्या वाढल्या. कारण गिरणीत गुंतलेला पैसा उत्पादन वाढवत होता. चात्या वाढल्या की कामगार वाढत. कामगारांमागोमाग चाळी, खानावळी आणि दुकाने येत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने आधीच दुबळ्या झालेल्या या व्यवस्थेचा कणा मोडला. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात होते. गिरण्या थांबल्या आणि शिल्लक राहिली ती जमीन, सुमारे ६०० एकर.

या जमिनीबाबतचा घटनाक्रम लक्षात घेण्याजोगा आहे. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची साधारण तीन वाट्यांत विभागणी सुचवली होती: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक ‘म्हाडा’ला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१मध्ये राज्य सरकारने दुरुस्ती केली आणि ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या भूखंडापुरती उरली. शेड पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून सुटली; सार्वजनिक वाटा आक्रसला. त्यानंतर चारच वर्षांनी, मार्च २००५मध्ये, केंद्राने बांधकाम विकास प्रकल्पांत १०० टक्के थेट परदेशी गुंतवणुकीची वाट मोकळी केली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्ये या दुरुस्तीच्या विरोधात दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६मध्ये फिरवला. थोडक्यात, जमिनीला जगाचा भाव येण्याच्या तोंडावर आपण आपला वाटा सोडून दिला.

परिणाम लगेच दिसले. २००५मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची ज्युपिटर मिल इंडियाबुल्सने अमेरिकेतील फॅरॅलॉन या गुंतवणूक निधीच्या साथीने २७६ कोटी रुपयांना घेतली. त्याच वर्षी मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे १७ एकर जागा डीएलएफने ७०२ कोटींना घेतली आणि २०१२मध्ये तीच लोढा समूहाला सुमारे २,७२७ कोटींना विकली. सात वर्षांत किंमत जवळपास चौपट झाली. कारखान्यात पैसा ओतला तर माल वाढतो. जमिनीत ओतला तर जमीन वाढत नाही, भाव वाढतो. तो भाव शेजारच्या चाळीतल्या भाडेकरूलाही चुकत नाही.

अर्थात, या गुंतवणुकीने काहीच दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कर्जबाजारी कंपन्यांची देणी फिटली, सरकारी तिजोरीत कर आला, कार्यालयांमुळे हजारोंना रोजगार मिळाला. पण गिरणी कामगार चाळीतून चालत कामावर जाई. नव्या कार्यालयांतला कर्मचारी लोकलने येतो. त्याच्यासाठी रस्ते, पूल, मोकळ्या जागा त्या प्रमाणात उभ्या राहिल्या नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. त्या दिवशी पाऊस होता, अफवा होती. पण गर्दी रोजचीच होती. आणि घरांचे काय? घरासाठी अर्ज करणारे गिरणी कामगार व त्यांचे वारस दीड लाखांहून अधिक. २०१२च्या सोडतीत घरे होती ६,९२५ आणि मार्च २०२०च्या सोडतीत ३,८९४.

याहून वेगळे घडू शकते का? सिंगापूरकडे पाहावे. हा देश मुंबईहून फारसा मोठा नाही आणि परदेशी भांडवलावर पुरता विसंबलेला आहे. पण तेथे सरकारने १९६६च्या कायद्याने जमीन ताब्यात घेतली, ती उद्योगांना मुदतीच्या पट्ट्याने दिली आणि बहुसंख्य नागरिकांना सरकारी योजनेतून घरे दिली. परदेशी पैसा कारखान्यांत गेला. उलट आयर्लंडमध्ये बाहेरच्या बँकांतून आलेले स्वस्त कर्ज घरबांधणीत शिरले. फुगा फुटल्यावर २०१०मध्ये त्या देशाला ८५ अब्ज युरोंच्या मदत योजनेचा आधार घ्यावा लागला. दोन्ही देश लहान आणि खुले. फरक पडला तो भांडवल कुठे वळवले गेले यामुळे.

हा धडा आजही उपयोगाचा आहे. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या उरलेल्या गिरण्या, पूर्व किनाऱ्यावरील बंदराची जमीन, गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळी यांचे भवितव्य अजून ठरायचे आहे. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे घर, ही अट आधी ठरली. मग कंत्राटदार आला. हाच क्रम योग्य आहे. पैसा टोकियोचा असो वा न्यूयॉर्कचा, तो परतावा पाहूनच येणार आणि त्यात गैर काही नाही. मात्र घरांचा, मोकळ्या मैदानांचा आणि रोजगाराचा वाटा आधी कायद्यात लिहावा लागतो. सौदा पार पडल्यावर तो मागून मिळत नाही. सोडतीत नाव लागण्याची वाट पाहणाऱ्या कामगारांच्या वारसांना हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.