काटकसर म्हणजे जुगाड नव्हे!

'जुगाड' या शब्दाला अलीकडे भलतीच प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. व्यवस्थापनाच्या परिसंवादांत भारतीय बुद्धीचे कौतुक करायचे झाले, की हाच शब्द पुढे येतो आणि उदाहरणादाखल 'नॅनो'चे नाव घेतले जाते. हे कौतुक नव्हे, हा उपमर्द आहे!

दुचाकीवर जीव मुठीत धरून जाणाऱ्या कुटुंबाला परवडेल अशी चारचाकी, हे रतन टाटांचे स्वप्न होते. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात ते साकार झाले. किमतीची मर्यादा होती एक लाख रुपये. पुण्यात गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली अभियंत्यांनी ती मर्यादा अडचण न मानता आव्हान मानली. ६२४ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन मागे नेले, चाके कोपऱ्यांत सरकवली. म्हणूनच जेमतेम ३.१ मीटर लांबीच्या गाडीत चार माणसांना ऐसपैस जागा मिळाली. वायपर एकच, प्रत्येक चाकाला नट तीनच. प्रत्येक वजाबाकीमागे गणित होते. वेळ मारून नेणाऱ्या जुगाडाला हे कसे साधावे?

मात्र अभिमानाने डोळे मिटून घेणेही आपल्याला शोभणारे नाही. सामान ठेवण्यासाठी मागचा दरवाजा उघडण्याची सोय २०१५ साली आली. २०१४ मध्ये 'ग्लोबल एनकॅप'च्या अपघात चाचणीत एअरबॅग नसलेल्या नॅनोला शून्य तारे मिळाले. एक वायपर कमी करणे ही काटकसर. जिवाच्या संरक्षणात हात आखडता घेणे हा कद्रूपणा! ही सीमारेषा ज्याला कळली, तोच खरा रचनाकार.

आणि ग्राहकाचे काय? 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का बसताच आपल्याच मध्यमवर्गाने नाक मुरडले. तसा प्रचार होणे ही चूक होती, हे पुढे रतन टाटांनीही जाहीरपणे मान्य केले. साधेपणाची थोरवी व्यासपीठावरून गायची आणि दारात मात्र शेजाऱ्याला दिपवणारी गाडी उभी करायची, या दुटप्पीपणाचा वाटा त्या अपयशात नाही काय? २०१८ साली नॅनोचे उत्पादन थांबले.

स्वदेशी म्हणजे केवळ देशात जुळवलेली वस्तू नव्हे. आपल्या माणसाची गरज, आपला रस्ता आणि आपली ऐपत यांतून जन्मलेली रचना, ती स्वदेशी. असा प्रयत्न पुन्हा होईल, तेव्हा अभियंत्याने जिवाच्या मोलावर काटछाट करू नये आणि आपण साधेपणाची लाज बाळगू नये. एवढे पथ्य पाळण्याची आपली तयारी आहे काय?