वसंत घराजवळच टिपावा

वसंत टिपायचा तर ताडोबा किंवा भिगवण गाठायलाच हवं, असं कॅमेरा हाती घेणाऱ्या पुष्कळांना वाटतं. तिथे जरूर जावं. पण फाल्गुन-चैत्रात घराच्या आसपास जे घडतं ते रोज बघता येतं, आणि चांगल्या फोटोला हा रोजचा शेजारच लागतो.

आमच्या सोसायटीच्या कुंपणालगतचा शेवगा सध्या फुलांनी लगडलाय. ऊन वर आलं की जांभळा शिंजीर हजर! एरवी हा नर साधाच: पोट पिवळसर, गळ्यापासून खाली एक गडद पट्टा. विणीच्या हंगामात मात्र तो निळा-जांभळा झळाळतो. पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे प्रकाश विशिष्ट कोनातून परततो, तेव्हा ही झळाळी दिसते. म्हणूनच उजेड त्याच्या मागून येत असेल तर फोटोत नुसता काळा पक्षी उमटतो. सकाळचं ऊन आपल्या पाठीशी घ्यावं, शटर स्पीड १/१००० किंवा त्याहून जलद ठेवावा आणि तो मान वळवेपर्यंत थांबावं.

मोठी लेन्स नसेल तर मोबाइल घेऊन कुंडीतल्या कढीपत्त्यापाशी बसा. कॉमन मॉरमॉन फुलपाखराची मादी त्यावर एकेक अंडं घालते. छोटी अळी थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. शेवटची कात टाकल्यावर ती पानासारखी हिरवीगार होते. धोका वाटला तर डोक्यामागून लालसर, दुबेळकं शिंगासारखं अंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पण केवळ फोटोसाठी तिला डिवचू नका. ती पानाची कड कुरतडत असतानाचा फोटोही तितकाच बोलका असतो. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरवलेल्या ब्लू मॉरमॉनच्या अळ्याही लिंबू कुळातल्या झाडांवरच वाढतात. कुंडीतल्या झाडावर कीटकनाशक फवारताना हे आठवावं.

पुढे बहावा फुलेल, त्यावर मोठे काळे भुंगे येतील. उंबराच्या शेंड्यावर तांबट दिवसभर टुक्-टुक् करत बसेल. तोच पक्षी, तेच झाड पुन्हा पुन्हा पाहिलं की त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा, बसायची लाडकी फांदी आपोआप कळते. पुढचा फोटो त्या ओळखीतूनच मिळतो.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळायला हवं. शिंजिराची मादी कोळ्याच्या जाळ्याचे धागे वापरून लोंबतं घरटं विणते, कित्येकदा आपल्याच गॅलरीतल्या वायरीवर. अशा वेळी जवळ जाऊ नये, आडवी पानं तोडू नयेत, फ्लॅश मारू नये. आपल्या वर्दळीने पक्षी घरटं सोडून जातात आणि कावळ्यांनाही त्याचा पत्ता लागतो. अनेक छायाचित्र स्पर्धा आता घरट्यांचे फोटो स्वीकारत नाहीत, ते योग्यच आहे.

या रविवारी सकाळी घराजवळचं एखादं फुललेलं झाड निवडा आणि चैत्र संपेपर्यंत त्याची साथ सोडू नका. घरटं दिसलं, तर कॅमेरा खाली ठेवा.